ओढ्याकाठचं नागरिकशास्त्र: शाळेत पर्यावरण-नागरिकत्वाचा वर्षभराचा प्रकल्प कसा चालवावा

नोव्हेंबरातली सकाळ होती, आठ वाजायचे होते. शाळेमागच्या ओढ्यावर जो पूल आहे, त्याच्या कठड्यावर काचेच्या दोन बाटल्या ठेवल्या होत्या. एक वरच्या अंगाला, डोंगराच्या बाजूला भरून तिथेच रसायनं घालून आणलेली. दुसरी नुकतीच पुलाखालून दोरी-बादलीनं काढलेल्या पाण्याची. पहिलीत विटकरी साका खाली बसला होता. दुसरीत मी मुलांसमोर तीच दोन रसायनं घातली, बूच लावलं, बाटली दोन-चारदा उलटीपालटी केली. साका धरला तो पांढरा, नासलेल्या दुधासारखा. पांढरा साका म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू उरलेलाच नाही. मुलं गप्प झाली. मग आठवीतल्या एकीनं विचारलं, “बाई, हे आता सांगायचं कुणाला?”

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. आमच्याकडे पर्यावरणाचं शिक्षण बहुधा या प्रश्नाच्या अलीकडेच थांबतं. मुलांना कापडी पिशवी, ओला-सुका कचरा, नळ बंद करणं सगळं ठाऊक असतं. पण गळणारं चेंबर कुठल्या खात्याचं, अर्ज कसा लिहायचा, त्याची पोच कशी घ्यायची, उत्तर आलं नाही तर पुढं काय, यातलं काहीच ठाऊक नसतं. घरातली चांगली सवय हवीच, पण ते अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं काम चव्हाट्यावरचं आहे, आणि तेही शिकवता येतं.

आधी शब्दाचा अर्थ

युरोपातल्या अनेक देशांच्या संशोधकांनी मिळून ‘युरोपियन नेटवर्क फॉर एन्व्हायर्नमेंटल सिटिझनशिप’ असं एक जाळं उभं केलं होतं. त्यांनी २०१८ मध्ये पर्यावरण-नागरिकत्वाची व्याख्या मांडली. सार असं: खासगी आणि सार्वजनिक अशा दोन्ही जीवनांत, एकट्यानं आणि मिळून, गावापासून जगापर्यंतच्या पातळीवर पर्यावरणाचे प्रश्न सोडवणं, नवे निर्माण होऊ न देणं आणि निसर्गाशी निकोप नातं जोडणं. शिकवण्यासाठी त्यांनी सहा टप्पेही सुचवले: शोध घेणं, कृतीची आखणी, प्रत्यक्ष नागरी सहभाग, इतरांशी जोडून घेणं, झालेला बदल टिकवणं आणि शेवटी मूल्यमापन. मी हे टप्पे पुण्याच्या शाळेच्या वेळापत्रकात बसवले. क्रम थोडा मोडावा लागला, कारण आपल्याकडे पावसाळा आहे आणि सहामाही परीक्षाही.

पण हे परदेशातून आलेलं खूळ आहे असं कुणी म्हणू नये. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं कलम ५१ क आलं आणि नैसर्गिक पर्यावरणाचं जतन हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरलं. बालभारतीच्या पुस्तकांत ते सुरुवातीलाच छापलेलं असतं. १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणात पर्यावरण विषय सक्तीचा करायला सांगितलं. नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहेच. म्हणजे मुख्याध्यापकांकडे परवानगी मागताना नवीन काही मागायचं नाही. जलसुरक्षेचा प्रकल्प वर्गाबाहेर नेतो आहोत, एवढंच सांगायचं.

जून: एकच जागा, चालत पोचता येईल अशी

पहिल्या वर्षी ‘मुळा-मुठा प्रदूषण’ असला विषय घेऊ नका. नदी फार मोठी आहे, तिच्यापुढे मुलं हरून जातात. शाळेपासून दहा मिनिटांवर चालत जाता येईल अशी एकच जागा घ्या. ओढ्याचा दोनशे मीटरचा तुकडा, टेकडीची एक वाट, बाजाराचा एक कोपरा, शाळेसमोरचा झाडांचा रस्ता. पुण्यात ओढ्यांची वाण नाही. आंबिल ओढा, नागझरी, माणिक नाला, भैरोबा नाला, शिवाय रामनदी, देवनदी. कित्येकांना आपल्या घरामागचं गटार हा मुळात ओढा आहे हेच माहीत नसतं, आणि त्याचं नाव शोधून काढणं हाच पहिल्या आठवड्याचा गृहपाठ.

मग नकाशा. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं बघता येतात. मुलांना आपल्या शाळेचा परिसर वीस वर्षांपूर्वी कसा होता ते दाखवा आणि ओढ्याची रेघ ट्रेसिंग पेपरवर काढायला लावा. पाणी कुठून येतं, कुठं जातं, मध्ये कुठं रेघ गायब होते, म्हणजे कुठं ओढ्यावर स्लॅब पडला, हे सगळं एका तासात दिसतं. आंबिल ओढ्याची गोष्ट आमच्या भागातल्या मुलांना फार जवळची वाटते. कात्रजच्या बाजूनं येणारं हे पाणी पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी अडवून तळं केलं होतं. आज तिथं सारसबाग आहे. आणि याच ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला तेव्हा सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पुलाच्या परिसरात माणसं दगावली. आठवी-नववीतल्या मुलांच्या घरी त्या रात्रीच्या आठवणी अजून ताज्या असतात.

म्हणून जुलैत, बाहेर पाऊस कोसळत असताना, मुलाखतींचं काम द्या. आजी-आजोबा, वॉचमनकाका, कोपऱ्यावरचे दुकानदार, ओढ्याकाठच्या वस्तीतल्या मावशी. प्रश्न चारच: हा ओढा तुम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा कसा होता? तेव्हा लोक त्याचा काय उपयोग करायचे? तो कधी आणि कशामुळे बदलला असं तुम्हाला वाटतं? आत्ता याबद्दल तुम्ही कुणाकडे गेला होतात का? वयस्कर मंडळी असतील तर १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराची आठवण हमखास निघते. निघू द्या, पण उत्तरं ज्याची त्याच्या शब्दांत लिहून घ्यायची, सुधारून नाही. चौथ्या प्रश्नाची उत्तरं वेगळ्या कागदावर काढा. पुढं ती कामी येतात.

दोष कुणाच्या माथी

इथं थोडं थांबते, कारण या प्रकल्पातली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. माझ्या वर्गानं पहिल्या वर्षी मुलाखतींवरून जो निष्कर्ष काढला तो असा: “झोपडपट्टीतले लोक ओढा घाण करतात.” वाईट याचं वाटलं की वर्गात त्याच वस्तीतली मुलं बसलेली होती. ती काही बोलली नाहीत.

ओढ्यात पिशवी टाकणारा हात दिसतो. मैलापाणी सोडणारा पाइप दिसत नाही, कारण तो कुठल्यातरी भिंतीमागे असतो. म्हणून हे गणित फळ्यावर करायचंच. शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. त्यातलं साधारण ८० टक्के पाणी मैलापाणी होऊन परत येतं, असं धरून वाहिन्या आखतात. चारशे सदनिकांची सोसायटी, घरटी चार माणसं. १,६०० गुणिले १३५ म्हणजे २ लाख १६ हजार लिटर. त्याचे ८० टक्के, १ लाख ७२ हजार ८०० लिटर. दहा हजारी टँकरच्या हिशेबात रोजचे सतरा टँकर, एका सोसायटीचे. आता सार्वजनिक नळावर हंडे भरणाऱ्या घराचं पाणी मोजायला लावा. वस्तीतल्या मुलांना आपल्या घरी किती हंडे लागतात ते अचूक ठाऊक असतं. त्या दिवशी वर्गात तीच मुलं जाणकार ठरतात.

अँड्र्यू डॉब्सन या इंग्लंडमधल्या अभ्यासकानं पर्यावरणीय नागरिकत्वाबद्दल हेच सांगितलं आहे: कर्तव्य सगळ्यांवर सारखं नसतं, ज्याच्या जगण्याचा निसर्गावर जास्त भार पडतो त्याच्यावर जास्त जबाबदारी येते. मुलांना डॉब्सन सांगायची गरज नाही. सतरा टँकर पुरे.

कचऱ्याचा विषय घेणार असाल तर ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक ताईंना वर्गात बोलवा. पुण्यातल्या कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासून काम करते आहे, आणि ‘स्वच्छ’ ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था. रोज दारात येणाऱ्या ताई खुर्चीवर बसून शिकवतात आणि आपण खाली बसून ऐकतो, याचा मुलांवर जो परिणाम होतो तो कुठल्याही तक्त्यानं होत नाही. त्यांचा अर्ध्या दिवसाचा खाडा भरून द्या, ते विसरू नका.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी: मोजणं

पावसाळ्यात ओढ्याजवळ जायचं नाही, एकदाही नाही. वर कात्रज-सिंहगडच्या बाजूला पाऊस पडला की इथं ऊन असतानाही पाणी चढतं. ऑक्टोबर उजाडला, पाऊस ओसरला, की सुरू करा.

सुरक्षिततेचे नियम मी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून घेते आणि पालकांची सही घेते. पाण्यात कुणी उतरायचं नाही. नमुना पुलावरून किंवा काठावरून दोरी बांधलेल्या बादलीनंच काढायचा, तोही मोठ्या माणसानं. हातमोजे, बंद बूट. पायाला जखम असेल तर तो मुलगा त्या दिवशी नोंदी लिहील, पाण्याला हात लावणार नाही, कारण अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार होऊ शकतो. दहा मुलांमागे एक मोठं माणूस. परतल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

काय मोजायचं? भारंभार काही नको. तापमान, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा), पाण्याचा गढूळपणा आणि विरघळलेला प्राणवायू. गढूळपणासाठी साठ सेंटिमीटर उंचीची पारदर्शक नळी घ्या, तळाला काळ्या-पांढऱ्या चौकटीची चकती लावा. वरून बघत पाणी ओतत जायचं, चकती दिसेनाशी झाली की उंची लिहायची.

प्राणवायूसाठी विंकलरची जुनी पद्धत मला अजूनही सगळ्यात आवडते, कारण डोळ्यांना दिसते. तीनशे मिलिलिटरची बीओडी बाटली (या तपासणीसाठी मिळणारी, घट्ट बुचाची काचेची बाटली) बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची. त्यात दोन मिलि. मँगनस सल्फेट आणि दोन मिलि. अल्कली-आयोडाइड, पिपेटचं टोक पाण्याखाली बुडवून. प्राणवायू असेल तर तपकिरी साका, नसेल तर पांढरा. हे काम जागेवरच व्हायला हवं, पाणी शाळेत नेऊन मग केलं तर उत्तर बदलतं. पुढचं काम प्रयोगशाळेत: सल्फ्युरिक आम्ल घालून साका विरघळवायचा, २०० मिलि. नमुना घ्यायचा, स्टार्च टाकायचा आणि ०.०२५ नॉर्मल तीव्रतेचं सोडियम थायोसल्फेट निळा रंग जाईपर्यंत थेंबथेंब सोडायचं. जितके मिलिलिटर लागले, तितके मिलिग्रॅम प्राणवायू एका लिटरमध्ये. गणित इतकं सोपं निघतं की मुलांचा विश्वास बसत नाही. आम्ल आणि अल्कली दोन्ही शिक्षकांनीच हाताळायची. शाळेत सोय नसेल तर जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात विचारा. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

आकड्याचा अर्थ लावायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची वर्गवारी वापरा. मासे जगण्यालायक पाण्यात लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, अंघोळीलायक पाण्यात किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा. पीएच दोन्हीकडे ६.५ ते ८.५. आणखी एक गोष्ट: पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे २५ अंश तापमानाला अगदी स्वच्छ पाण्यातही इथं साडेसात-पावणेआठच्या आसपासच प्राणवायू मावतो. पुस्तकात ८ च्या वर दिलेला असतो आणि मुलं म्हणतात आपलं चुकलं. चुकलेलं नसतं.

काही गोष्टी अनुभवातून:

- दर वेळी तीच जागा आणि तीच वेळ. दुपारी शेवाळामुळे प्राणवायू वाढतो, पहाटे कमी असतो. कधी आठला, कधी बाराला गेलात तर ओढा सुधारला की ऊन चढलं हे कळणार नाही.
- किमान तीन जागा: वरच्या अंगाला, वस्ती-सोसायट्यांच्या मध्ये, आणि नदीला मिळण्याआधी. प्रत्येक ठिकाणी तीन बाटल्या.
- चुकलेला आकडा खोडरबरानं पुसायचा नाही. एक आडवी रेघ, शेजारी नवा आकडा, खाली सही.
- बाजारात मिळणारी, जंतू असतील तर काळी पडणारी बाटली ओढ्यावर वाया घालवू नका, ती काळी पडणारच. ती सोसायटीच्या बोअरवेलच्या पाण्यासाठी ठेवा, तिथं ती खरी माहिती देते.

पाण्याबरोबर काठाचीही नोंद घ्या. उघडी चेंबरं किती, कुठून पाणी येतंय, कुठला पाइप कोरडा, कुठला वाहता. मैलापाण्याच्या मोठ्या वाहिन्या बहुधा ओढ्याच्या काठानंच नेलेल्या असतात, कारण उतार तिकडेच असतो. एखादं चेंबर तुंबलं की सगळं ओढ्यात. प्रत्येक जागेला क्रमांक, फोटो, तारीख, वेळ, जवळची खूण. ही नोंद पुढच्या अर्जाचा कणा आहे.

पक्षी, झाडं, किडे यांत रस असलेली चार मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांना आयनॅचरलिस्ट किंवा ई-बर्ड या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंदी करायला शिकवा. पुण्याचं भाग्य असं की भारतीय वनस्पती सर्वेक्षण, आघारकर संशोधन संस्था आणि विद्यापीठाचे विभाग अशी जाणकार माणसं शहरातच आहेत. २०२० मध्ये गणेशखिंड उद्यानाला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. एका शनिवारी मुलांना तिथं नेऊन आपल्या ओढ्याकाठाशी तुलना करायला लावा.

कुणाला सांगायचं: कागदाची वाट

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. फळ्यावर ओढ्याचं चित्र काढा आणि एकेक गोष्ट कुणाची ते मुलांना शोधू द्या. तुंबलेलं चेंबर महापालिकेच्या मलनिःसारण विभागाचं. काठावरचा कचरा घनकचरा विभागाचा, त्यात आपल्या भागातली आरोग्य कोठी, मुकादम, आरोग्य निरीक्षक. धोकादायक फांदी उद्यान विभागाची. पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा जलसंपदा विभागाची. कारखान्याचं सांडपाणी असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. एका दोनशे मीटरच्या तुकड्याला इतके मालक आहेत, हे कळणं हेच मोठं शिक्षण आहे.

सुरुवात क्षेत्रीय कार्यालयापासून करा. पुण्यात अशी पंधरा आहेत. आपलं कुठलं ते मुलांनी शोधावं. मग पत्र. मुलांचा पहिला खर्डा दर वर्षी असाच असतो: “आमच्या भागातील ओढा अत्यंत अस्वच्छ झाला असून दुर्गंधी पसरली आहे, तरी कृपया लक्ष द्यावे.” या पत्रावर कुणी काहीही करू शकत नाही, कारण त्यात करण्यासारखं काही लिहिलेलंच नाही. मी खर्डा परत देते आणि म्हणते, हे पत्र वाचून कनिष्ठ अभियंत्याला गाडी काढून नेमकं त्या जागी पोचता येईल असं लिहा. दुसरा खर्डा असा येतो:

“पुलाच्या पूर्वेला, काठावरील तिसरे चेंबर दि. ८, १५ व २२ नोव्हेंबर रोजी सकाळी आठ वाजता ओसंडून वाहत होते. तिन्ही दिवसांची छायाचित्रे जोडली आहेत. चेंबरच्या वरच्या बाजूस पाण्यातील प्राणवायू मोजता आला, खालच्या बाजूस आढळला नाही. सदर चेंबर साफ करून झाकण बसवावे व केलेल्या कामाची तारीख आम्हास कळवावी.”

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. उत्तर मागितलं नाही तर कुणी देत नाही.

पत्र दोन प्रतींत. आवक-जावक टेबलावर एक प्रत द्यायची, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. पोच हातात पडल्याशिवाय तिथून हलायचं नाही. पहिल्या वर्षी मी एका कार्यालयात साहेबांच्या हातात पत्र देऊन, फोटो काढून परत आले. तीन महिन्यांनी विचारायला गेले तर पत्राची नोंदच नव्हती आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मुलांना मी ही हकिगत दर वर्षी सांगते. पत्र द्यायला दोन-तीन मुलांना सोबत न्या. खिडकीपाशी उभं राहून शिक्का पडताना पाहिलेलं ती विसरत नाहीत. महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवरही तक्रार करता येते. तिथला क्रमांक वहीत लिहून ठेवा.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्याप्रमाणे अर्ज करायचा तो जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांत, असे महाराष्ट्राचे नियम आहेत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं, किंवा उत्तरानं समाधान झालं नाही, तर तीस दिवसांत प्रथम अपील. अर्ज शिक्षकानं किंवा पालकानं स्वतःच्या नावानं करावा. मुलाचं नाव-पत्ता कागदावर नको.

सगळं कसब प्रश्न विचारण्यात आहे. “चेंबर का दुरुस्त केलं नाही?” असं विचारू नका. ‘का’ हा कागद नसतो, आणि या कायद्यानं कागद मिळतो, खुलासा नाही. असं विचारा: “१ जून ते ३० नोव्हेंबर या काळात सदर ठिकाणच्या मलनिःसारण चेंबरबाबत आलेल्या तक्रारींच्या नोंदवहीची प्रत आणि त्यावर केलेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत.” आमच्या मुलांना हा खेळ वाटतो. पाटीवर ‘का’चे प्रश्न लिहायचे आणि प्रत्येकाचा ‘कागद’ करून दाखवायचा.

आणखी दोन दारं. महानगरपालिका अधिनियमानुसार दर वर्षी ३१ जुलैपर्यंत आयुक्तांना पर्यावरण सद्यस्थिती अहवाल मांडावा लागतो. तो वाचून आपल्या ओढ्याबद्दल त्यात काय आहे, काय नाही, ते मुलांनी टिपावं. आणि नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक. पुणे महापालिकेनं २००६ मध्ये ही पद्धत सुरू केली. नागरिक आपल्या प्रभागातलं छोटं काम सुचवू शकतात. अर्ज बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवतात, तारखा दर वर्षी जाहीर होतात, लक्ष ठेवावं लागतं. म्हणजे यंदा हिवाळ्यात मोजायचं आणि पुढच्या पावसाळ्यात काम सुचवायचं. दोन वर्गांत वारसा चालतो तो असा.

एक इशारा. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं, यांना ते सहभाग मानतच नाहीत. ५ जूनला, पर्यावरण दिनी, पाहुण्यांसोबत फलक धरून मुलं उभी करणं याच पायऱ्यांवरचं. तुमच्या प्रकल्पात कुठलं चेंबर घ्यायचं, पत्रात काय लिहायचं, हे मुलांनी ठरवलं नसेल तर तुम्हीही तिथेच आहात. मी होते, पहिली दोन वर्षं. निवडणुकीच्या आसपास कुणी इच्छुक फोटो काढायला येतील. नम्रपणे नकार द्या.

मुलांमध्ये काय बदललं, ते कसं मोजाल

बीएड, एमएड किंवा पर्यावरणशास्त्राचा प्रबंध करणाऱ्यांना हा भाग उपयोगी पडेल, पण प्रत्येक शिक्षकानं थोडं तरी करावं.

मी पहिल्यांदा जूनमध्ये प्रश्नावली दिली: “पर्यावरण वाचवणं महत्त्वाचं आहे का?” एक ते पाच गुण. जवळजवळ सगळ्यांनी पाच दिले. मार्चमध्ये पुन्हा पाच. काहीच कळलं नाही. मुलांना बाईंना काय आवडतं ते ठाऊक असतं. तेव्हापासून मी मताऐवजी कृती आणि माहिती विचारते. “गेल्या तीन महिन्यांत घराबाहेरच्या एखाद्या गोष्टीबद्दल तू कुणाकडे तक्रार, पत्र किंवा सूचना केलीस का? कुणाकडे? पुढं काय झालं?” आणि एक मोकळा प्रश्न: “तुमच्या गल्लीतलं चेंबर चार दिवस वाहतं आहे. तू काय करशील? क्रमानं लिही.” जूनमध्ये उत्तर येतं, “नाकाला रुमाल लावीन” किंवा “लोकांना समजावून सांगीन”. वर्षाखेरीस पायऱ्या दिसतात का ते बघायचं. उत्तरात घरातली कृती आहे का, मिळून केलेली आहे का, कार्यालयाचं नाव आहे का, पाठपुरावा आहे का, अशा चार खुणा ठरवा आणि दोन शिक्षकांनी एकमेकांचं न बघता तपासा. दोघांचं जुळलं नाही तिथं बसून बोला.

नावाऐवजी सांकेतिक खूण घ्या: आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस. म्हणजे जून आणि मार्चचे कागद जोडता येतात आणि मूल मोकळेपणानं लिहितं. संशोधनासाठी वापरणार असाल तर पालकांची लेखी संमती आणि मुलाचाही होकार. प्रकल्पात नसलेल्या तुकडीलाही तीच प्रश्नावली द्या, नाहीतर मुलं प्रकल्पामुळे बदलली की नुसती वर्षानं मोठी झाली हे सांगता येणार नाही. आणि जमलं तर सहा महिन्यांनी, दहावीत गेल्यावर, पुन्हा एकदा द्या. तिसऱ्या वेळचे कागद गोळा करणं फार कटकटीचं आहे, पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्याच कागदांनी. चाळीस मुलांच्या आकड्यांवरून पुण्याबद्दल विधानं करू नका. आपल्या वर्गाबद्दल मात्र ठामपणे बोला.

मार्च: फाइल हातात देणं

शेवटच्या महिन्यात प्रदर्शन कराल तर ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना आधी बोलवा, मग पाहुण्यांना. त्यांच्या शब्दांची पानं त्यांना दाखवा.

आणि एक खोकं-फाइल तयार करा. पहिल्या कप्प्यात नकाशा, दुसऱ्यात मोजमापाची वही, तिसऱ्यात पत्रांच्या प्रती, पोचेसकट. चौथ्यात आलेली उत्तरं. पाचव्या कप्प्यात, ज्या पत्रांना उत्तर आलं नाही त्यांची यादी, तारखांसह, आणि प्रत्येकापुढं पुढची पायरी कोणती ते. आमच्या फाइलीत त्या तिसऱ्या चेंबरचं पत्र अजून पाचव्या कप्प्यात आहे. झाकण बसलं, पण तारीख कळवलेली नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नववीची मुलं ती फाइल सातवीतून आठवीत जाणाऱ्यांच्या स्वाधीन करतात. पुलावर नेऊन जागा दाखवतात, बादलीची दोरी कुठं बांधायची ते दाखवतात, आणि पाचव्या कप्प्यातली यादी मोठ्यानं वाचून त्यांच्याकडून खाली सह्या घेतात.